दोन इंचांची अदब

“शरमेनं माणूस अर्धा होतो म्हणतात. मग आमचे हे दीडपट कसे झाले?”

हा प्रश्न मला एका शिंप्याच्या पत्नीने विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. जुन्या हस्तव्यवसायांतल्या कामाच्या रीती नोंदवण्याच्या निमित्ताने मी त्या दुकानात जात असे. प्रश्न विचारताना तिने मान वर केली नव्हती. एका वकिलाच्या काळ्या कोटाला ती काज करीत होती आणि तिची नजर सुईवरच होती. नवरा हातभर अंतरावर कात्री घेऊन उभा होता. त्याने सगळे ऐकले. तो म्हणाला, “लिहा. रीत लिहायची तर पुरी लिहा.” पुढे जे आले आहे ते त्या दोघांच्या संमतीने, आणि बहुतांशी त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे.

त्याला सारी गल्ली मास्तर म्हणते. गल्ली न्यायालयासमोरची. एका बाजूला टंकलेखक आणि नकला काढून देणारे, दुसऱ्या बाजूला बेकरी, चष्म्यांचे दुकान आणि त्याला लागून मास्तरांचे दुकान. दुकान अरुंद, पण खोल. दर्शनी भागात कापायचे टेबल, त्यामागे दोन शिलाईयंत्रे, भिंतीशी पडदा लावलेला कोपरा आणि त्यात पुरुषभर उंचीचा आरसा. मागच्या जिन्याने वर गेले की घर. एका खोलीत आई, दुसरीत धाकटा भाऊ, त्याची बायको आणि मुलगा, तिसरीत मास्तर आणि त्यांची पत्नी, स्वयंपाकघर सगळ्यांचे. गिऱ्हाईक मुख्यतः वकील. वकिली जुनी होत जाते तसा वकील रुंद होत जातो, आणि या एका नियमावर दोन पिढ्यांची चूल पेटली असे मास्तर स्वतःच हसत सांगतात.

माप घेण्याची या दुकानाची रीत अशी: मास्तर टेप लावून आकडा मोठ्याने उच्चारायचे आणि धाकटा तो लिहून घ्यायचा. छाती, खांदा, बाही यांचे आकडे जसे असतील तसे. कमरेपाशी आले की मात्र मास्तर दोन इंच कमी सांगायचे, आणि धाकटा दोन इंच वाढवून लिहायचा. ही रीत वडिलांनी घालून दिलेली. तिला ते ‘अदब’ म्हणत. फारच मोठे पोट असेल तर चार इंचांची, म्हणजे दुप्पट अदब. दुकानात इतर गिऱ्हाईके बसलेली असतात; भर चारचौघांत माणसाचे पोट पुकारायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. “टेप अंगाला लागतो, आकडा मनाला लागतो,” असे ते मुलांना शिकवीत. याच न्यायाने तो आरसाही किंचित मागे कललेला होता. त्यात उभा राहिलेला माणूस असतो त्यापेक्षा उंच आणि सडपातळ दिसे.

“काय मास्तर, वाढलो की काय मी?” एखादा वकील पोट आत ओढून विचारायचा.

“कुठं साहेब. मागच्या वेळचंच आहे. कापड आकसलं असेल.”

दोघेही हसत. दोघांनाही ठाऊक असे की आकडा खरा नाही. वकील ते मनातल्या मनात समजून घेई आणि कोट मात्र अंगाला बरोबर बसे. फसवणूक म्हणावी तर कोणाचे काही जात नव्हते.

दुसरी एक रीत चहाची. कच्च्या शिलाईचा कोट अंगावर घालून पाहायला आलेल्या गिऱ्हाइकाला चहा द्यायचा, आणि त्याने एकट्याने प्यायचा नाही. म्हणजे मास्तरांनी सोबत करायची. न्यायालयाच्या मधल्या सुट्टीची वेळ झाली की वकील एकामागून एक येत. चहा साखरेने घट्ट, आणि शेजारच्या बेकरीतून गरम काहीतरी येई: लोण्याची बिस्किटे, गोड पाव, एखादा तळलेला पदार्थ. वडिलांच्या काळातही हे होतेच; पण वडील पायाने यंत्र चालवीत, तयार कपडे न्यायालयात स्वतः पोचवीत आणि चहाचा पेला ओठांना लावून बाजूला ठेवीत. मास्तरांनी यंत्राला मोटार बसवून घेतली. पोचवण्याचे काम धाकट्याकडे गेले. पेला मात्र ते रिकामा करीत. सकाळी बसले की संध्याकाळी उठत. स्टुलावरची फोमची गादी मधोमध खोल बसली होती.

शिंप्याला स्वतःचे माप घेता येत नाही. आकडा पाहायला मान वाकवली की पोट हलते, टेप सरकतो. म्हणून मास्तरांचे कपडे धाकटा बेतायचा. लग्नाच्या सुटाला मास्तरांची कंबर बत्तीस होती. पुढच्या वर्षी धाकट्याने टेप लावला, क्षणभर थांबला आणि म्हणाला, “बत्तीस.” कापले मात्र चौतीस. त्याच्या पुढच्या वर्षी तो “तेहतीस” म्हणाला आणि छत्तीस कापले. थोरला भाऊ, वर दुकानाचा मालक. त्याला दोन इंचांची अदब नको, तर कोणाला? अशी वर्षे गेली, आणि दोन इंचांचे किती झाले ते धाकट्यालाच ठाऊक. विजार कधी आवळली नाही, कोट कधी तटतटला नाही. मास्तर कललेल्या आरशात पाहायचे आणि त्यांना एक भरलेला, पण बांधेसूद माणूस दिसायचा. कोणी विचारलेच तर ते निःशंक मनाने सांगत, “छत्तीस. लग्नानंतर चार इंच वाढलो, एवढं तर होणारच.”

या वर्षांत त्यांना मूल झाले नाही.

त्याचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटायचे हे घरात कधी ठरवावे लागलेच नाही. मास्तरांची पत्नी लग्नात सव्वीस वर्षांची होती. दोन वर्षे सगळ्यांनी वाट पाहिली, मग तिला दवाखान्यात नेणे सुरू झाले. कोणी तिला वजन वाढवायला सांगितले, कोणी विश्रांती घ्यायला. कडू भुकट्या झाल्या, सुया झाल्या, महिन्याच्या ठरावीक दिवसांचे हिशोब झाले. पहिल्याच डॉक्टरने चिठ्ठीवर नवऱ्याचीही तपासणी लिहिली होती. ती चिठ्ठी वाचून मास्तर म्हणाले होते, “मला काय धाड भरलीय? सर्दीसुद्धा होत नाही मला.” तिने पुन्हा विचारले तेव्हा त्यांनी यंत्र सुरू केले. मोटारीच्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही.

आईचा तर्क वेगळा आणि तिच्या दृष्टीने बिनतोड होता. “एकाच रक्ताचे दोघं. धाकट्याला वर्षात मूल झालं. म्हणजे रक्तात खोट नाही. उरलं कोण?” हे ती सुनेला उद्देशून कधीच बोलत नसे. भांड्यांशी बोले, भिंतीशी बोले, फार तर धाकट्या सुनेशी. एकदा ‘वांझ’ हा शब्द तिने असाच तव्याकडे पाहत उच्चारला. मास्तर त्या वेळी जेवत होते. त्यांनी घास गिळला. आईने लगेच त्यांच्या ताटात आणखी वाढले आणि वर तूप सोडले. “दिवसभर मान मोडून काम करतोस. तुझ्या जिवाला तरी सुख कुठंय?” मास्तर ते जेवले.

“मला राग आला नाही असं नाही,” त्यांनी मला सांगितले. “पण तोंडात घास असला की बोलायचं टळतं. मग मी तोंडात घास ठेवायला लागलो.”

अकराव्या वर्षी एका डॉक्टरने पत्नीच्या पोटात दुर्बीण घालून पाहायचे सुचवले. भूल द्यावी लागणार होती. ती घाबरली, पण घरात सगळ्यांनी होकार दिला होता. तेव्हा तिने एवढेच म्हटले की आधी दुसऱ्या कोणाला तरी विचारू. त्या दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, वयाने लहान, बोलायला शांत. जुने सगळे कागद त्यांनी उलटून पाहिले.

“यांचे अहवाल ठीक आहेत. तुमचे कुठे आहेत?” त्यांनी मास्तरांना विचारले.

“माझे नाहीत.”

“मग यांना मी भूल देणार नाही. आधी तुमची तपासणी.”

बाहेरच्या खोलीत नर्सने मास्तरांना वजनाच्या काट्यावर उभे केले आणि कमरेचे माप विचारले. ते म्हणाले, “छत्तीस.” नर्सने तरीही टेप काढला, त्यांच्याभोवती फिरवला आणि म्हणाली, “सेहेचाळीस.”

मास्तर हसले. “ताई, टेप असा धरत नाहीत. तुम्ही सैल धरलाय. आणि बेंबीच्या खाली गेलाय तो.”

“बेंबीवरच आहे, काका.”

“माझं सारं आयुष्य ह्यात गेलं. द्या इकडं.” त्यांनी तिचा टेप घेतला नाही. गळ्यात त्यांचा स्वतःचा होता. तो काढून त्यांनी कमरेला लावला, ओढला, मान वाकवली. टेप सरकला. पुन्हा लावला. श्वास आत घेऊन पाहिले तेव्हा चव्वेचाळीस झाले. बाकावर बसलेली दोन जोडपी दुसरीकडे पाहू लागली. नर्स तरुण होती, पण समजूतदार. ती म्हणाली, “राहू द्या, काका. पंचेचाळीस लिहिते.”

असे शब्द त्यांनी गिऱ्हाइकांशी फार वेळा उच्चारले होते. तडजोडीचा तो स्वर त्यांना नेमका ओळखता आला. त्यांनी पत्नीकडे पाहिले. ती हसत नव्हती. भिंतीवर दातांच्या निगेचे एक चित्र लावले होते, ते ती वाचीत होती.

आठवड्याने अहवाल आला. शुक्राणूंची संख्या फार कमी, आणि जे होते त्यांतले बहुतेक मंद. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितले ते मास्तरांना आजही जवळजवळ शब्दशः पाठ आहे.

“पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, ती काम करते. पुरुषाचं जे हार्मोन असतं त्यातलं काही ती बाईच्या हार्मोनमध्ये बदलून टाकते. मेंदूला वाटतं अंगात पुरेसं आहे, मग तो पुढचा हुकूमच सैल सोडतो. दुसरं म्हणजे उष्णता. शुक्राणू तयार होतात ती जागा निसर्गानं शरीराबाहेर ठेवलीय ती गारव्यासाठी. तुम्ही दिवसभर मांड्या जुळवून बसता, वर पोटाचा भार. आणि तिसरं, साखर, तळलेलं, मैदा. दिवसातून किती चहा घेता?”

“गिऱ्हाईक येईल तसे.”

“गिऱ्हाईक किती येतात?”

मास्तर बोटांवर मोजू लागले आणि दुसऱ्या हातावर गेले.

“हे सगळं खाण्यामुळंच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “दुसरीही कारणं असतात, तीही तपासू. पण वजन उतरलं की पुष्कळांचं सुधारतं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणजे आज खाणं बदललंत तर उद्या फळ दिसणार नाही. धीर धरावा लागेल, पण फार उशीरही नको; यांचं वय थांबणार नाही.”

“हे किती वर्षांपासून असेल?”

“ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पहिल्या वेळी तपासणी केली असती तर कळलं असतं.”

त्यांच्या पत्नीने पर्सची चेन उघडली आणि परत लावली. मास्तर म्हणतात की त्या खोलीत कोणी त्यांच्या थोबाडीत मारली असती तर बरे वाटले असते.

घरी परतताना त्यांनी गल्लीच्या तोंडाशी तिला थांबवले.

“घरी काय सांगायचं?”

“जे आहे ते. तुम्ही सांगा. मी अकरा वर्षं माझंच सांगत आलेय.”

मास्तरांनी वर जाऊन सांगितले ते असे: “डॉक्टर म्हणाल्या, दोघांनीही जरा तब्येतीकडं लक्ष द्या. ऑपरेशनची घाई नाही.” वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. आईने ते ऐकले आणि सुनेकडे वळून ती म्हणाली, “बघ. मी सांगत नव्हते? तुझी तब्येतच नाही धड.” अकरा वर्षांत पहिल्यांदाच ती या विषयावर सुनेशी सरळ बोलली होती. मास्तर जिना उतरून दुकानात आले.

धाकटा कापड आखीत होता. तो अंगाने काटक, हातात खडू.

“माझं माप काय आहे?”

“छत्तीस, दादा.”

“खरं सांग.”

धाकट्याने खडू ठेवला. “बाबांनी शिकवलं तेच केलं मी.”

“मी गिऱ्हाईक आहे का रे?”

“गिऱ्हाइकाला राग आला तर ते शेजारच्या दुकानात जातं. तुला राग आला तर मी कुठं जाऊ? आणि दादा, एकदा सांगायचं म्हणून आलो होतो. तू त्या दिवशी आरशापुढं उभा राहून म्हणालास, अजून लग्नातला दिसतो. मग माझी जीभच रेटेना.”

रागवायला जागा नव्हती. हीच सवलत ते स्वतः उभ्या गावाला देत आले होते. मास्तरांनी तेव्हाही भावाकडून खरे माप पुकारून घेतले नाही. खाणे कमी करायचे ठरवले, पण कोणाला कळू न देता. येथे त्यांच्याकडून दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

ते चहा नाकारू लागले. गिऱ्हाइकाला म्हणत, “पोट बिघडलंय.” घरी आई वाढायला आली की ताटावर हात धरीत. “भूक नाही.” आईने आठवडाभर पाहिले, मग निष्कर्ष काढला. मुलगा घास टाकतो याचा अर्थ मुलाला खाऊ दिले जात नाही. “स्वतःची कूस रिकामी, आता माझ्या पोराचं पोट रिकामं ठेवतेय,” ती धाकट्या सुनेला म्हणाली. थोरली पलीकडेच चाकू धुवीत होती. मास्तरांचे एकेक किलो उतरू लागले तसतसे पत्नीवरचे आरोप चढू लागले. ते त्यांना दिसत होते. त्यांच्या तोंडात आता घासही नव्हता. तरी ते गप्प राहिले. उन्हाळा संपेपर्यंत त्यांनी पुन्हा चहा घ्यायला सुरुवात केली, आधी बिनसाखरेचा, मग साखरेचा. उतरले होते ते वजन परत चढले.

त्या वर्षाच्या शेवटी मास्तरांची थोरली बहीण आली. तिला सगळे ताई म्हणत; लग्न होऊन ती शेजारच्याच गावात होती आणि माहेरचा कारभार तिथूनच पाहत असे. ती आईसह थेट दुकानात येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. धाकट्याला तिने बाहेर पाठवले.

“हे बघ, आडवळण घेत नाही,” ती म्हणाली. “हिला आता चाळिशी दिसायला लागली. तुझं तसं नाही. पुरुषाला काय, साठीतही मूल होतं. आमच्याकडं एक मुलगी आहे बघण्यात. समजूतदार आहे. हिलाही सोडायचं नाही, राहील एका खोलीत. दुकान कोणाच्या हाती द्यायचंय ते तरी कळू दे.”

“तिला विचारलंत?”

“तिला काय विचारायचं? खोट तिची, उपकार तुझे.”

मागच्या जिन्यावर पत्नी उभी होती. काज केलेले दोन कोट तिच्या हातावर होते. ती खाली आली नाही आणि वरही गेली नाही. मास्तरांच्या समोरच त्या दिवशी सगळे येऊन थांबले होते: ते बोलले नाहीत, तर या घरातून एक बाई एका खोलीत हलवली जाणार होती, त्यांच्या शरीरातल्या दोषासाठी.

ते बोलले. नीट बोलता आले नाही, असे ते सांगतात. “खोट तिची नाही. माझी आहे. माझी तपासणी झालीय. माझ्यात... माझ्यातच कमी आहे. तिच्यात काही नाही.” बहिणीसमोर आणि आईसमोर पुरुषाने उच्चारावेत असे ते शब्द नव्हते, आणि अडखळत का होईना, ते उच्चारले गेले होते.

आईने पदराने डोळे पुसले. ताई उठली, भावाच्या पाठीवरून तिने हात फिरवला आणि म्हणाली, “केवढं मोठं मन रे तुझं. तिच्यासाठी स्वतःच्या माथी घेतोस.”

त्यांनी पुन्हा सांगितले. अहवाल वरती आहे म्हणाले. “असू दे, असू दे,” ताई म्हणाली, “कागद काय, कसाही आणता येतो. आम्हाला कळतं.” या घराला प्रत्येक उच्चारलेल्या आकड्यात आपले दोन इंच मिळवून घ्यायची सवय होती. खरे माप पुकारले तरी ते अदब म्हणूनच ऐकले गेले. दुसऱ्या लग्नाचा विषय मागे पडला, पण पत्नीची सुटका झाली नाही. उलट आता ती अशा नवऱ्याची बायको ठरली, जो तिची खोट स्वतःवर ओढून घेतो. ताईने ही गोष्ट बेकरीत सांगितली. आठवड्यात ती न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेली. एक वृद्ध वकील कोटाला आला तेव्हा मास्तरांचा हात धरून म्हणाला, “असा नवरा मिळायला भाग्य लागतं.” मास्तर त्याची बाही मोजत होते. तो आकडा त्यांना दोनदा घ्यावा लागला.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना पत्नी म्हणाली, “आधी मी वांझ होते. आता वांझ आहे आणि वर तुमच्या उपकाराखाली आहे. आधीचं बरं होतं.”

“मी सांगितलं ना खरं.”

“सांगितलंत. पण त्यांना पटलं नाही, म्हणून तुम्हाला बरंच वाटलं. वाटलं की नाही?”

मास्तरांनी मला सांगितले की या वाक्याइतकी लाज त्यांना नर्सच्या टेपनेही आणली नव्हती, कारण ते खरे होते. आठवडाभर लोक त्यांना थोर म्हणत होते, आणि दिवसातून एखाद्या क्षणी ते त्यांना गोड लागले होते.

दुसऱ्या दिवशी ते आईला आणि ताईला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेले. पत्नीलाही बोलावले. डॉक्टर बाई आधी तयार नव्हत्या; रुग्णाची गोष्ट त्याच्या नातलगांपुढे बोलायची नसते, असे त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, “रुग्ण मीच आहे. मीच सांगतोय, बोला. आणि मोठ्यानं बोला. माझ्यासाठी काही कमी करून सांगू नका.”

त्यांनी सांगितले. संख्या सांगितली, वजन सांगितले, कंबर सांगितली. सुनेत काही दोष सापडलेला नाही हेही सांगितले. ताई मध्येच म्हणाली, “पण धाकट्याला तर...” त्यावर डॉक्टर बाई म्हणाल्या, “धाकटे किती चालतात, आणि हे किती बसतात?” आईने हातातल्या रुमालाची घडी घातली. मग तिने विचारले, “म्हणजे मी वाढत होते, म्हणून का?”

“सगळं तुमच्यामुळं नाही, आजी,” डॉक्टर बाई म्हणाल्या.

“पण थोडं.”

“थोडं.”

परत येताना आई सुनेच्या मागून चालली. एरवी ती पुढे असे. तिने माफी मागितली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. तो शब्द मात्र पुन्हा त्या स्वयंपाकघरात उच्चारला गेला नाही, आणि मास्तरांच्या ताटात ती न विचारता वाढेनाशी झाली. ताई काही महिने आली नाही. आली तेव्हा म्हणाली, “मी तर लहानपणापासून सांगतेय, ह्याचं खाणं फार.” यावर मास्तरांची पत्नी मोठ्याने हसली. ते हसणे चांगले नव्हते, असे मास्तर म्हणतात. पण तिला हसताना त्यांनी फार दिवसांनी पाहिले होते.

मग वजन उतरवायचे काम उघडपणे सुरू झाले. चहाला नाही म्हणताना मास्तर आता पोट बिघडल्याचे सांगत नसत. “माझं वजन जास्त आहे, साहेब. मूल होत नाही,” असे ते सांगत, आणि पहिल्या काही वेळा गिऱ्हाईक पेल्यात पाहत राही. तयार कोट न्यायालयात पोचवायला ते स्वतः जाऊ लागले, जिन्यावर धाप लागे तिथे थांबत. धाकटा दर तिमाहीला त्यांचे माप घेई आणि असेल तसे पुकारी. पहिल्यांदा पुकारले तेव्हा बाकावर तीन वकील बसले होते. “पंचेचाळीस,” धाकटा म्हणाला आणि तोच आकडा त्याने लिहिला. एकाने सहानुभूतीने म्हटले, “कापड आकसलं असेल, मास्तर.” कोणी हसले नाही.

गिऱ्हाइकांची अदब त्यांनी मोडली नाही. त्याविषयी मी विचारले तेव्हा मास्तर म्हणाले की दुसऱ्याच्या पोटाविषयी बोलायचा अधिकार त्यांना अजून वाटत नाही.

हे सोपे गेले नाही, आणि सरळही गेले नाही. दोनदा वजन परत चढले. मधल्या काळात केलेल्या तपासणीत आकडे थोडे सुधारले आणि पुन्हा खाली आले. डॉक्टर बाईंनी उपचार सुरू ठेवले. दोनदा आशा वाटली, दोनदा गेली. पत्नी या सगळ्यातून त्यांच्याबरोबर गेली, पण पूर्वी बोलत असे तशी ती त्यांच्याशी बोलत नव्हती. तिने दुकानात स्वतःचे एक टेबल मागून घेतले. काज-बटण सोडून ती कापायला शिकली. एकदा मास्तर तिला म्हणाले होते, “माझ्यावर एकदाची ओरड तरी.” ती म्हणाली, “ओरडून तुम्हाला हलकं वाटेल. तुमचं वजन तुम्हीच उतरवा.”

मी तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचा प्रयत्न पुढेही केला. शरम माणसाला अर्धे करते ती उच्चारली गेली तर; न उच्चारलेली शरम माणूस खातो, असे काहीतरी मी एकदा तिला म्हणालो. तिने कात्री थांबवली नाही. “हे तुमच्या लेखात छान दिसेल,” ती म्हणाली. “पण दीडपट ते झाले, आणि अर्धी मी. ते कसं झालं तेवढं सांगा.” तेही मला सांगता आले नाही.

२०१७ च्या जूनमध्ये मास्तरांची पुन्हा तपासणी झाली आणि अहवाल सर्व बाबतींत सामान्य आला. त्याच महिन्यात त्यांच्या पत्नीला त्रेचाळिसावे वर्ष लागले.